आठ दिवसांकरिता बंद

"बसा रं बसा, दांडा धरून बसा! वर गेल्यावर खाली बघायचं न्हाय, आन खाली आल्यावर भ्यालो म्हणून सांगायचं न्हाय!"

पत्र्याच्या भोंग्यातून आलेला, चक्र फिरवणाऱ्या मायाप्पाचा हा आवाज खासबागेतल्या कल्लाप्पाने पहिल्यांदा ऐकला तो एकोणीसशे बहात्तरच्या पाडव्याला. त्या दिवशी तो नवी टोपी घालून बायकोला, तानीबाईला, पाळण्यात बसवून वर गेला आणि टोपी हातात घेऊन खाली आला. भ्यालो म्हणून दोघांपैकी कोणीही सांगितलं नाही. तशी सूचनाच होती.

टिकाऊ म्हणून केलेल्या गोष्टी पडतात आणि तात्पुरत्या म्हणून केलेल्या टिकतात, हे सत्य कळायला थोरामोठ्यांचं आयुष्य जातं. बेळगाव-निपाणीच्या मुलखाला मात्र ते एका पाटीवरून कळलं. ही पाटी उचगावच्या वाटेवर, सीमाभाग ग्रामदर्शन उद्यानाच्या फाटकावर टांगलेली होती: 'दुरुस्तीसाठी आठ दिवसांकरिता तात्पुरते बंद.' मजकूर मराठी, कानडी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत होता आणि तिन्हींत आठच दिवस लिहिले होते. (एवढं एकमत या मुलखात दुसऱ्या कशावर झाल्याचं कोणाला आठवत नाही.)

उद्यानाचा हेतू उदात्त होता. आपल्या लोकांना आपला गाव दाखवावा, म्हणून दीड एकरात सिमेंटचा गाव वसवला होता. त्यात सिमेंटचा शेतकरी, सिमेंटचे बैल, तंबाखूची पानं बांधणारी सिमेंटची बाई आणि दूध न देणारी सिमेंटची म्हैस होती. घरच्या म्हशीला वैरण टाकून लोक तिकीट काढून ही म्हैस बघायला यायचे आणि "अगदी खऱ्यासारखी हाय गं" म्हणून डोळे पुसायचे. कल्लाप्पा स्वतः विणकर. आठवडाभर मागावर पाय बडवल्यावर रविवारी तो सिमेंटच्या विणकरापुढे उभा राहायचा आणि त्याला सांगायचा, "अरं, धोटा उजव्या हातात धर की!" विणकराने चार वर्षांत सुधारणा केली नाही, पण कल्लाप्पाने आशा सोडली नाही.

आणि मधोमध सहा पाळण्यांचं ते मोठं चक्र. ते डिझेल इंजिनावर फिरायचं आणि इंजिन सुरू व्हायचं लोखंडी हँडलने. मायाप्पा हँडल घालायचा, तीन गरके द्यायचा, इंजिन धडधडलं की हँडल काढून खाली ठेवायचा आणि भोंगा उचलायचा. शहात्तर सालच्या माघातल्या एका रविवारी त्याने हँडल असंच खाली ठेवलं. पुढच्या रविवारी ते तिथे नव्हतं.

इथे एखादा उतावळा वाचक म्हणेल, दुसरं आणायचं. उतावळ्या माणसांच्या हाती संस्था देत नाहीत ते याचसाठी. जुनं हँडल हरवलं असं ठरल्याशिवाय नवं घेता येत नाही, शोध घेतल्याशिवाय हरवलं असं ठरत नाही, आणि लोकांची वर्दळ असताना शोध घेता येत नाही. म्हणून बाग बंद. शोध चालू असेपर्यंत बंद तात्पुरता, आणि बंद तात्पुरता असल्यामुळे घाई नाही. व्यवस्थापकसाहेबांनी हे इतक्या शांतपणे समजावलं की लोकांना गार वारा लागल्यासारखं झालं.

नवव्या दिवशी उचगावचा आण्णाप्पा सायकलला बांधून स्वतःच्या विहिरीवरल्या इंजिनाचं हँडल घेऊन आला.

"ह्यो घ्या," तो म्हणाला. "फिरवा आन उघडा."

फाटकापुढे सुतक पडल्यासारखं झालं. साहेब म्हणाले, खासगी हँडल लावलं तर इंजिन नेमकं कोणाचं असा प्रश्न उद्भवेल. पण खरं उत्तर दिलं ते कल्लाप्पाने.

"आण्णाप्पा, तुला बागंचं प्रेम हाय का न्हाय?"

"हाय की. म्हणून तर आणलं."

"मग असलं दुश्मनावानी काम कशाला करतोस रं? साधन आणून प्रश्न सोडवाया ह्यो काय इहिरीचा पंप हाय?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच जागी 'उद्यानप्रेमी संघ' स्थापन झाला, कल्लाप्पा अध्यक्ष झाला आणि आण्णाप्पाला नजरेखाली ठेवता यावं म्हणून उपाध्यक्ष केलं.

त्यानंतर बागेची जी भरभराट झाली ती चालू असताना कधी झाली नव्हती. दर रविवारी सकाळी कल्लाप्पा परसदाराचा लोखंडी अडसर काढायचा, आंघोळ उरकायचा आणि तानीबाईला घेऊन फाटकापाशी जायचा. तिथे जुन्या क्रमाने रांग लागायची. पुढच्या बाराजणांनी फाटकाचे गज धरायचे. आतून मायाप्पा भोंगा उचलायचा. "बसा रं बसा, दांडा धरून बसा! चाललं वर! ह्ये आलं खासबाग! ह्यो काकतीचा डोंगर! आक्का, पदर सावरा, वारं लई हाय!" बाया पदर सावरायच्या. तीन मिनिटांनी शिट्टी झाली की गज सोडायचे आणि पुढच्या बाराजणांना जागा द्यायची.

संघाच्या दप्तरातले आकडे बोलके आहेत. बाग चालू असताना रविवारची सरासरी उपस्थिती चाळीस, बंद असताना तीनशे दहा. चालू असताना वांत्या अकरा, बंद असताना एक. (ती फाटकापाशी बसणाऱ्या सुलाबाईच्या भज्यांमुळे.) हरवलेल्या टोप्या अनुक्रमे सत्तावीस आणि शून्य. निपाणीची मंडळी तर तंबाखूच्या गाडीवरून यायची आणि "चालू असताना यायचं जमलं न्हाय" म्हणून हळहळत गज धरायची.

तानीबाई गजांपाशी सगळ्यांत पुढे असायची. तिने केलेली ओवी बाया जात्यावर म्हणू लागल्या:

फाटकाला कुलूप गं, पाटी लोंबं आठ दिसाची
आठव्या दिसाची गं, वाट बघू किती वरसाची

ओवी म्हणताना तिच्या गालाला खळी पडायची. दुःख असं हसून सोसणारी बाई पंचक्रोशीत नाही, असं कल्लाप्पा अभिमानाने सांगायचा. लग्नाला वीस वर्षं झाली तरी ती पाळण्यात त्याचा दंड जसा घट्ट धरायची तसा एरवी तिने कधी धरला नव्हता. ते दिवस तिला परत मिळवून द्यायचे, एवढ्यासाठीच तो माग सोडून निवेदनं लिहायला बसायचा.

नऊ वर्षांत त्याने चारशे बारा निवेदनं लिहिली. एक चुकून पशुवैद्यकीय खात्याकडे गेलं आणि सिमेंटच्या म्हशीला लस टोचण्याची तारीख येऊन पडली. प्रत्येक निवेदनासोबत हँडलचं चित्र जोडलेलं असायचं: हातभर लांब, दोन ठिकाणी वळलेलं, मुठीशी हिरवा रंग. चित्र काढताना परसातल्या वाऱ्याने कागद उडू नये म्हणून कल्लाप्पा त्यावर दाराचा अडसर ठेवायचा. आण्णाप्पा शेजारी बसून त्याच अडसराने शेंगा फोडायचा आणि म्हणायचा, "कुठं गेलं आसंल गा?"

"ज्यानं नेलंय त्याचं हात झडतील," कल्लाप्पा म्हणायचा.

चुलीपाशी तानीबाई आपले हात पदराखाली घ्यायची.

आणि मग पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर घात झाला. चारशे बारावं निवेदन कोणीतरी वाचलं. इंजिन काढून विजेची मोटार बसवण्यात आली. मोटारीला हँडल लागत नाही, त्यामुळे शोधाची अटच उरली नाही. येत्या रविवारी उद्घाटन आणि पहिल्या पाळण्यात बसण्याचा मान अध्यक्ष व सौभाग्यवतींना, असं छापील पत्र आलं. साहेबांनी खाली पेनने लिहिलं होतं, 'आपल्या चिकाटीस यश आले.'

गुरुवारपासून संघावर आपत्ती कोसळू लागल्या. आण्णाप्पाचा गुडघा धरला. निपाणीच्या मंडळींची सगळी लग्नं एकदम त्याच रविवारी निघाली. सुलाबाईने भज्यांचं पीठ भिजवायचं नाही असं ठरवलं. मायाप्पाचा घसा बसला, तो नेमका 'चाललं वर'पाशी. एकसष्ट सभासदांपैकी एकसष्टजण कल्लाप्पाच्या घरी येऊन अभिनंदन करून गेले आणि जाताना प्रत्येकाने विचारलं, "खरंच फिरणार हाय का ते?"

रविवार उजाडला. कल्लाप्पाने टोपी घातली, काढली, परत घातली. नेहमीसारखा तो परसदाराकडे गेला आणि त्याने अडसराला हात घातला.

"अवो," तानीबाई मागून म्हणाली. "त्यो काढू नका."

"का गं? उशीर व्हईल."

"जरा हातात घेऊन बघा. मुठीपाशी. काजळी पुसा."

त्याने अंगठ्याने काजळी पुसली. खाली हिरवा रंग होता.

"मी आणलंय ते," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "भाजीच्या पिशवीत घालून. काजळी फासून दाराला लावलं. त्या रोजी उतरले आन पोटात सगळं ढवळलं. बाजूलाच पडलं हुतं. मला लई भ्या वाटतंय वो पाळण्याचं. पयल्या दिसापासून. तुमी हौसंनं न्यायचा, कसं न्हाय म्हणू?"

"मग तू हसत हुतीस की वर?"

"हसत न्हवते. दातखीळ बसायची."

कल्लाप्पा उंबऱ्यावर बसला. नऊ वर्षं रोज सकाळी हातात घेतलेलं लोखंड त्याने मांडीवर आडवं ठेवलं. मुठीवरची उरलेली काजळीही त्याने पुसली.

"तानी, मी डोळं मिटून बसत हुतो," तो म्हणाला. "तुला आवडतंय म्हणून न्यायचो."

ती त्याच्याशेजारी येऊन बसली आणि तिने त्याचा दंड धरला. या वेळी जमीन जागेवर होती.

थोड्या वेळाने कल्लाप्पाने अडसर परत दाराला लावला आणि चारशे तेरावं निवेदन लिहायला घेतलं: हँडलचा शोध अपुरा असताना बाग उघडणे नियमाला धरून नाही, सबब बंद कायम ठेवावा. त्यावर तासाभरात एकसष्ट सह्या झाल्या आणि आण्णाप्पा गुडघा विसरून धावत आला. एकसष्टाव्या सहीखाली एक ओळ कोरी राहिली आहे. ती वाचकांसाठी आहे. अडसराची हकीकत तुम्हाला मघाशीच, निवेदनांच्या वेळी, कळली होती. तरी तुम्ही आण्णाप्पाला शेंगा फोडू दिल्यात आणि एक अक्षर बोलला नाहीत. तेव्हा आता सही करा. गज धरून करा, आणि भ्यालो म्हणून सांगायचं न्हाय.