जाहीर आभार, दहा बाय आठ

देवाचा फोटो पुस्तकाच्या पाव पानावर छापायचा तर साठ पौंड, अर्ध्या पानावर नव्वद आणि अख्ख्या पानावर दीडशे, हे मोहिनीने वाचून दाखवलं, तेव्हा म्हाळूने पहिला प्रश्न विचारला, “अन् नुसतं बघायला?”

“बघायला काई न्हाई, आबा.”

“मंग लई भली माणसं हायेत.”

म्हाळू पाटोद्याजवळच्या वस्तीवरचा मेंढपाळ. मोहिनी त्याची थोरली लेक, बीडच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी. तिने धनगरांच्या टाकांवर, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या देवघरातल्या देवांवर, पुस्तक लिहिलं होतं. असाच एक टाक पाटोद्याकडून कोण जाणे कसा परदेशातल्या एका संग्रहालयात जाऊन बसला होता. त्यावर देवाच्या घोड्यापाशी एक मेंढी होती आणि संग्रहालयाच्या नोंदीत लिहिलं होतं, ‘मेंढीचा डावा कान फाटलेला’. मोहिनी म्हणत होती, फाटलेला नाही, खूण म्हणून मुद्दाम कापलेला. आपापली मेंढरं ओळखायला प्रत्येक घर कानाला वेगळी खाच पाडतं, हे परदेशातल्या पंडितांना कुठून ठाऊक असणार? तिचं अख्खं प्रकरण त्या कानावर उभं होतं. पण संकेतस्थळावरचं चित्र नखाएवढं, वर संग्रहालयाचं नाव आडवं छापलेलं. त्यात कानच दिसेना. मोठा फोटो आणि लेखी परवानगी शुक्रवारपर्यंत आली नाही, तर प्रकाशक ते प्रकरण गाळणार होता. मोहिनीने पैसे माफ करा म्हणून अर्ज केला. तिथल्या अधिकारी बाईंनी कळवलं, विचार करते.

टाक आपल्याच घराण्यातला, याबद्दल म्हाळूच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्याच्याही मेंढरांची खूण डाव्याच कानाला होती. “आपल्याकडं असता तर बहात्तरच्या दुष्काळात मोडून खाल्ला असता,” तो म्हणाला. “त्यांनी जिवापाड सांभाळला. आभार मानाया नगं?”

आता पाटोद्यात आभार मानायचे म्हणजे चौकात फ्लेक्स लावायचा. मंगळवारी म्हाळू बिभीषणच्या फ्लेक्सच्या दुकानात शिरला. धाकट्या ऋतुजाने देवाचं चित्र त्याच्या मोबाइलवर टाकून दिलंच होतं.

“तात्या, देवाच्या छातीवर हे विंग्रजी कसलं?” बिभीषणने विचारलं.

“त्यांचं नाव असंल.”

“देवावर नाव लिहित्येत व्हय? झाकून टाकतो.” त्याने झेंडूचा भरगच्च हार घातला आणि नाव गडप झालं. वर पुढाऱ्यांच्या जागी संकेतस्थळावरून काढलेला अधिकारी बाईंचा फोटो बसवला, खाली ‘मार्गदर्शक’ असं टाकलं. सवयीने गॉगलही चढवणार होता, म्हाळूने अडवलं. आकार ठरला दहा बाय आठ फूट. त्याहून लहान फ्लेक्सवर मानलेले आभार चिक्कू दिसतात, असं बिभीषणचं मत होतं.

संध्याकाळी ऋतुजाने फ्लेक्सचा फोटो काढला आणि ‘मोहिनीच्या वडिलांकडून जाहीर आभार’ असं खाली इंग्रजीत लिहून थेट संग्रहालयाच्या फेसबुकवर चिकटवला. बुधवारी सकाळी मोहिनीचा फोन आला.

“आबा, कावून केलं हे? परवानगीबिगर छापलं, त्यांचं नाव झाकलं, वर बाईंचा फोटोबी लावला.”

“आभारच मानलेत की गं.”

“त्यांच्या भावात अख्ख्या पानाच्या पुढं आकडाच न्हाई. आपला फ्लेक्स म्हंजे शंभरावर पानं व्हत्यात.” ती थोडा वेळ हिशोब करत राहिली. मग म्हणाली, “जाऊ द्या, पैशाचं सोडा. पर आता ते परवानगी देत नसत्यात.” आणि तिने फोन ठेवला.

पोरीने चार वर्षं रक्त आटवलं, आणि आपण एका हारात त्यावर पाणी फिरवलं. त्याने जाऊन स्वतःच्या हाताने फ्लेक्स उतरवला. उतरवलेले फ्लेक्स लोक मेंढवाड्यावर टाकतात, नाहीतर खाली अंथरतात. पण यावर देव होता, खाली पसरता येईना, वर बाई होत्या, घडी घालायला जीव होईना. शेवटी गुंडाळी करून, ती मांडीवर घेऊन तो काळीपिवळीने घरी आला.

गुरुवारी दुपारी मोहिनी स्वतःच वस्तीवर आली आणि बाईंचं पत्र मराठीत सांगू लागली. “चौदा वर्षं मी हे पैसे मागते आहे. लोक चिडतात, घासाघीस करतात. आभार मात्र कुणी मानले नव्हते, भर चौकात तर नाहीच. तुमच्या वडिलांचा फलक मी वरिष्ठांना दाखवला. शुल्क माफ, परवानगी सोबत आहे. टाक कपाटातून काढून भिंगाखाली पाहिला. तुमचं म्हणणं खरं आहे. कान फाटलेला नाही, कापलेला आहे. आम्ही नोंद सुधारली.”

मोहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. म्हाळूने मनोमन त्या बाईंना हात जोडले. मग मोठा फोटो उघडून, दोन बोटांनी ताणून त्याने कान पाहिला, पुन्हा ताणून पाहिला आणि मोबाइल खाली ठेवला.

“काय झालं, आबा?”

“आपली खूण शेंड्याला, एकच खाच. हिला खालच्या अंगाला दोन हायेत.” त्याने सुस्कारा सोडला. “ही धुळाजीची.”

धुळाजी पलीकडच्या वस्तीवरचा. मेंढरांना घालायच्या बाभळीच्या शेंगांवरून दोघांत वाजलं होतं आणि तीन वर्षं बोलणं बंद होतं.

“न्हाई सांगितलं तर कुणाला कळणार हाय?” ऋतुजा म्हणाली.

“देवाला कळंल,” म्हाळू म्हणाला आणि मोबाइल घेऊन निघाला.

म्हाळूने खूण दाखवली, टाक कुणी सांभाळला ते सांगितलं, तेव्हा धुळाजीने मोबाइल दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला, घरच्यांना हाका मारून बोलावलं. सगळ्यांचं पाहून झाल्यावर तो जड आवाजात म्हणाला, “त्या बाईंचे आभार मानाया पायजेत.”

“मानलेत,” म्हाळू म्हणाला. “चौकात, दहा बाय आठ. माझ्या खर्चानं.”

धुळाजीने घोंगडी अंथरली, तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, “बस.”