काकाकुवाबंद कडीची नोंदणी

माणसाचा शोध चोरांपासून जपला नाही, तर संस्कृती टिकत नाही. आमच्या सिडनीच्या उपनगरात संस्कृती म्हणजे मंगळवारी दारात मांडलेले कचऱ्याचे डबे. काकाकुवे चोचीने झाकणं उचलतात आणि कोंबडीची हाडं शेजाऱ्याच्या हिरवळीवर पसरतात. (कुणाकडे काय शिजलं, हे गल्लीला असंच कळतं.) झाकणांवर विटा ठेवून पाहिल्या, त्या त्यांनी ढकलून दिल्या.

अखेर नेव्हिल टिकनर या निवृत्त फिटरने एक कडी बनवली. पाखरांना ती काही केल्या उघडेना. लगेच समोरच्या डेस्लीने हुबेहूब तशीच बनवून रविवारच्या बाजारात विकायला मांडली. नेव्हिल पेटला. "डोकं माझं आणि मलई हिला? थांब, दाखवतोच!"

त्याने डिझाइनची नोंदणी केली. ही नोंदणी फार न्यायी असते. वस्तू कशी दिसते, तेवढंच ती जपते. चालते की नाही, असल्या क्षुद्र प्रश्नात पडत नाही. रूप खरंच नवं आहे का, हेही भांडण लागल्यावर तपासतात. (आधी लग्न, मग पत्रिका.) भांडण लागलं, तपासणी झाली. निष्कर्ष निघाला, की नेव्हिलची कडी कुठल्याही जुन्या फाटकाच्या कडीसारखीच दिसते. नोंदणी रद्द.

नेव्हिल खचला नाही. त्याने कडीवर निलगिरीच्या पानाफुलांची नक्षी काढली. नक्षीला जागा हवी, म्हणून अडकायचा दात कापला.

"अरे, झाकण लागतच नाही हिने," बायको नोरीन म्हणाली.

"लागणं नोंदणीत येत नाही गं!"

हे रूप मात्र तपासणीत पहिल्या फटक्यात उतरलं. डेस्लीला त्याची नक्कल करायला दहा वर्षांची बंदी झाली. (तिने तशी इच्छाही दाखवली नव्हती.) गल्लीने नोंदणीकृत कडी हौसेने घेतली. काकाकुव्यांपैकी शंभर टक्क्यांनी हरकत घेतली नाही. मंगळवारी आम्ही सगळे वाकून हाडं वेचतो आणि वेचता वेचता नक्षीचं कौतुक करतो.

परवा डेस्लीने नेव्हिलच्या डब्यावरची नक्षीदार कडी उचलून पाहिली. खाली झाकण घट्ट धरून बसलेली, तिने बाजारात विकलेली साधी कडी.

"काय रे नेव्हिल, शेवटी माझीच घेतलीस ना विकत?"

"हळू बोल," तो म्हणाला. "माझीच आहे गं ती."

मला फार वाईट वाटलं त्याचं. तुम्हाला हसू येत असेल. येऊ द्या. फक्त एवढं सांगा, तुमच्या शोकेसमधल्या त्या सोनेरी काठाच्या कपातून तुम्ही शेवटचा चहा कधी प्यायलात?