डोंगरावर न हलणारा कॅमेरा

डोंगरात पळताना कोणता कॅमेरा जवळ ठेवावा, हे आपल्या ओळखीत फक्त एकच माणूस छातीठोकपणे सांगू शकतो, आणि तो म्हणजे मी! हसू नका. या विषयाचा मी तीन आठवडे अभ्यास केला आहे. लोक तेवढ्या वेळात लग्नं ठरवतात!

त्याचं असं झालं. आमच्या पळणाऱ्या मंडळाची डोंगरावरची शर्यत जवळ आली होती. मंडळाचे प्रमुख म्हणजे शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले सर. त्यांनी एका रविवारी जाहीर केलं, "यंदा शर्यतीचं चित्रीकरण करायचं! तेही पळणाऱ्यांच्या मधून, पळत पळत! या कामाला एकच जण निवडणार. हौस असेल त्याने पायथ्यापासून वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंतचा नमुना काढून आणावा. ज्याचं चित्र सगळ्यात कमी हलेल, तो आपला माणूस!"

माझा हात सगळ्यात आधी वर गेला. दुसरा हात माझ्या मेहुण्याचा होता. बायकोचा हा धाकटा भाऊ एवढा पळतो की त्याच्याशी बोलायचं तर वेळ घ्यावी लागते! घरी आला की आधी माझ्या पोटाकडे बघतो आणि मग विचारतो, "काय भाऊजी, सराव कसा चाललाय?" मंडळात मी दोन वर्षं सगळ्यात मागे आहे. एकदा, फक्त एकदाच, त्याच्या देखत माझं नाव पुकारलं जायला हवं होतं. बस्स!

मी छापखान्यात मुद्रितं तपासतो, त्यामुळे कोणतंही काम वाचनापासून सुरू करतो. कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याकडून तीन कॅमेरे मागून आणले आणि तिन्हींची माहितीपुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली. एकशे सदतीस चुका सापडल्या! सगळ्या लाल शाईने दुरुस्त केल्या. मग कॅमेरे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले.

"त्यावर मी पीठ मोजते!" बायको ओरडली.

"अगं, चढावर शंभर ग्रॅमसुद्धा जाणवतात!"

"मग स्वतःचे पंधरा किलो आधी कमी करा की!"

मोठ्या माणसाला घरात किंमत नसते. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पहिला कॅमेरा लांब नाकाचा. तो गळ्यात अडकवून घरातल्या बोळातून चाळीस फेऱ्या मारल्या. प्रत्येक पावलाला तो पोटावर असा आदळायचा की मीच ढोल आणि मीच वाजवणारा! दुसरा हातात धरायचा होता. वळणावर दाराची कडी लागली, आणि पुढची सगळी फिल्म आमच्या छताची निघाली. तिसरा काडेपेटीएवढा. तो मुलीच्या जुन्या दप्तराचे पट्टे कापून छातीवर आवळून बांधला. काय सांगू! जागचा हलेना! मी आनंदाने उड्या मारू लागलो.

दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या. वय एकाहत्तर, आवाज पंचविशीचा.

"कोण कोणाला मारतंय इथे?" त्यांनी विचारलं आणि मग त्यांची नजर माझ्या छातीवर गेली. घामाने थबथबलेला मी, पट्टे, आणि मधोमध लुकलुकणारा लाल दिवा! "अगं बाई! हृदयाचं यंत्र बसवलं? आणि आम्हाला कळवलंही नाही?"

"काकू, हा कॅमेरा आहे!"

"हो हो, आतलं दिसायला हवंच ना डॉक्टरांना! बसा तुम्ही, बोलू नका."

संध्याकाळपर्यंत चार शेजारी फळं घेऊन येऊन गेले. खरं सांगितलं तर फळं परत द्यावी लागतील, म्हणून बायकोही गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेकडीच्या पायथ्याशी उभा राहिलो, लाल दिवा लावला आणि सुटलो! वारा काय, धूळ काय, माझी पावलं काय! तशा काकू रोज तिथे फिरायला येतात, त्या वाटेत भेटल्या. पण मी माझ्या तंद्रीत होतो. टाकीला हात लावला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती आणि छाती आनंदाने भरून आली होती.

रविवारी सरांच्या बैठकीच्या खोलीत सगळं मंडळ जमलं. कॅमेरे ओळखणारा म्हणून स्टुडिओवालाही आला होता. आधी मेहुण्याची फिल्म लावली. आकाश, बूट, झुडूप, आकाश, बूट! एका बाईंनी डोळे मिटून घेतले, दुसऱ्या पाणी प्यायला उठल्या. मग माझी लागली. दगड न् दगड स्पष्ट! वाट कशी संथ, एखाद्या तळ्यासारखी!

"वा!" सर उभेच राहिले. "याला म्हणतात चित्रीकरण! निवड झाली! आपला माणूस..." आणि त्यांनी माझं नाव पुकारलं! टाळ्या पडल्या. मेहुण्यानेसुद्धा वाजवल्या. मी उठून सगळ्यांना नमस्कार केला, मेहुण्याला दोनदा!

"कंप घालवायची सोय या कॅमेऱ्यात जबरदस्तच असणार," सर म्हणाले.

स्टुडिओवाल्याने कॅमेरा हातात घेऊन दोन बटणं दाबली. "सोय आहे. पण ती बंदच होती."

"बंद? मग चित्र हललं कसं नाही?"

मेहुणा उठला आणि त्याने फिल्मचा आवाज वाढवला. आधी माझी धाप ऐकू आली, मग काकूंचा खणखणीत आवाज. पाठोपाठ चित्रात डावीकडून काकू स्वतः आल्या आणि सावकाश पुढे गेल्या.

"काय हो, पळायला कधी सुरुवात करणार तुम्ही?"

"पळतोयच की काकू!"

हसता हसता स्टुडिओवाला खुर्चीवरून घसरला. सर मात्र हसले नाहीत. ते पडद्याच्या अगदी जवळ गेले, काकूंची चाल नीट न्याहाळली आणि माझ्याकडे वळले. "या बाईंचा फोन नंबर आहे का तुमच्याकडे?"

काकू तयार झाल्या आहेत. छातीवरचा पट्टाही त्यांना बरोबर बसला. त्यांची अट एकच आहे: कॅमेरा त्या नेतील, पण त्यांची पाण्याची बाटली, स्वेटर आणि चष्म्याचं घर घेऊन कोणीतरी मागून यायला हवं. आणि सांगायला आनंद वाटतो, त्या कामासाठी माझी निवड एकमताने झाली!