घरात माणसं किती?

नवी ओळख झाली की लोक नाव विचारतात. राऊतभाऊ विचारायचे, "घरात माणसं किती? झोपता कुठं?"

आम्ही बोईसरला त्यांच्या शेजारी राहायला गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या बायकोला हे विचारलं. मी काही बोलणार, तोच म्हणाले, "घर पडलं तर उकरायचं कुठं, ते मला ठाऊक नको?"

राऊतभाऊ नागरी संरक्षण दलाचे वॉर्डन. पगार नाही, खाकी कपडे, शिट्टी आणि एक वही. बायको जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सालवडच्या चाळीतले कामगार त्यांना पाहताच दारातूनच चेष्टेनं सांगत, "चाचा, अंदर पाँच. खटिया के नीचे कोई नहीं."

सीमेवर लढाई पेटली, त्या दिवसांत मात्र त्यांना कोणी हसेना. अणुवीज केंद्र हाकेवर. मीही स्वयंसेवक म्हणून त्यांच्याबरोबर फिरू लागलो.

एका दुपारी तारापूरजवळच्या कोळीवाड्यात असताना भोंगा वाजला. सराव की खरं, आम्हालाही कळेना. राऊतभाऊंनी शिट्टी फुंकत सगळ्यांना शाळेच्या पक्क्या इमारतीत पाठवलं. एक म्हातारी तेवढी ओट्यावर सुकट निवडत बसली होती.

"मावशी, चला."

"मी नाय येत. बोटी परत बोलावल्यात. माझा पोर अजून समुद्रात हाय. आला नि घरात कोण नाय दिसलं तर?"

राऊतभाऊंनी मला शाळेकडे पिटाळलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसले.

धोका टळल्याचा भोंगा तासाभराने झाला. सरावच होता. राऊतभाऊ शाळेत आले, तेव्हा दलाच्या साहेबांनी त्यांना सर्वांसमोर विचारलं, "तुमच्या भागातलं कोणी मागे राहिलं?"

"दोघं," राऊतभाऊ म्हणाले. "एक म्हातारी आणि मी."

साहेबांनी कडक शब्दांत समज दिली. राऊतभाऊंनी ती मान खाली घालून ऐकून घेतली. तेवढ्यात म्हातारीचा मुलगा किनाऱ्याला लागल्याची बातमी आली, तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.

परतताना मी विचारलं, "तासभर काय बोलत होता?"

"काय नाय. ती सुकट निवडीत होती, मी बसलेलो." मग वही उघडून दाखवत म्हणाले, "निघताना बोलली, भाऊ, घरी पोचलास की फोन कर. नंबर दिला पोराचा."

मी त्यांना दारात सोडलं. कुलूप निघालं. चपला पायातच होत्या, आणि ते उंबऱ्यात उभे राहून फोनवर सांगत होते, "मावशीला द्या जरा... हां मावशी, पोचलो."