तीन पिनांचा प्रश्न

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी स्पीड पोस्टाने माझी नेमणूक आली. अखिल खाडीकाठ मैदानी क्रीडा महासंघाने निवडक नामवंत खेळाडूंची स्पर्धा ठाण्यात भरवली होती आणि तिथे कॉल रूमचा मुख्य पंच म्हणून मी, उत्तम लेले, काम पाहणार होतो. कॉल रूम म्हणजे धावपटूंना मैदानात सोडण्याआधी जिथे त्यांचे बूट, कपडे, नंबर तपासतात ती खोली. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला याहून योग्य जागा नाही. तिथे मी दोन मिनिटं उशीर झालेल्या कामगारांना परत पाठवत असे, इथे खेळाडूंना पाठवतो. कामगार निमूट घरी जाऊन झोपत, खेळाडू रडतात, एवढाच काय तो फरक.

नेमणुकीसोबत परिपत्रक क्रमांक सात होतं. मागच्या वर्षी प्रमुख पाहुण्यांबरोबर फोटो काढताना सरचिटणीसांचा बिल्ला उलटा झाला होता आणि वर्तमानपत्रात त्याची मागची कोरी बाजू छापून आली होती. त्या दुःखातून हे परिपत्रक जन्मलं. यंदाचा बिल्ला मखमली होता, अकरा प्रायोजकांची नावं मावतील असा, साधारण पुरणपोळीएवढा. तो चार कोपऱ्यांना चार सेफ्टी पिनांनी लावायचा. 'चार पिनांनी बिल्ला न लावलेली व्यक्ती पंच समजली जाणार नाही', असं त्यात ठळक अक्षरांत होतं. वाचून मला फार बरं वाटलं. नियमात काही सैल राहिलं की मला रात्री झोप लागत नाही.

स्पर्धेला खेळाडू शहाण्णव होते आणि आम्ही पंच दोनशे बारा. शिवाय प्रेक्षक होते. मैदानी स्पर्धांना प्रेक्षक येत नाहीत ही महासंघाची जुनी व्यथा, म्हणून यंदा चारशे लोकांना घरोघरी जाऊन 'सन्माननीय प्रेक्षक' केलं होतं. मान मिळतो म्हटल्यावर ठाण्यापासून शहाडपर्यंतची माणसं सकाळी आठलाच हजर झाली. प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला, प्रत्येक बिल्ल्याला दोन पिना.

खेळाडूंनाही पिना लागतात, हे दुपारी साडेबाराला उघडकीस आलं.

चेस्ट नंबर पुढे चार आणि मागे चार पिनांनी लावायचा, असा स्पर्धेचा नियम होता. मुलींच्या आठशे मीटरच्या शर्यतीला आठ जणी होत्या. सात जणींच्या पाठीपोटाला नंबर लागले आणि पिनांचा डबा संपला. आठवी होती शहाडची भावना भोईर. राज्याच्या संघात जायचं तर दोन मिनिटं दहा सेकंदांच्या आत धावणं भाग होतं आणि संघाची नावं त्याच संध्याकाळी जायची होती. म्हणजे ही शेवटची संधी. दोन वर्षं ती पहाटे उल्हास नदीच्या काठाने पळत होती, हे मला तिनेच सांगितलं. मी म्हटलं, ते ठीक आहे, पण पिना कुठे आहेत.

कॉल रूम बंद व्हायला चौदा मिनिटं होती. दोरीपलीकडून तिची आई, तुळसाबाई, हे सगळं ऐकत होती. हिरव्या लुगड्यातल्या त्या बाईने हात पुढे केला. बांगडीत पाच सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या. आपल्याकडे कुठल्या बाईच्या बांगडीत नसतात?

"अरं दादा, माझेकरं हायेत ना पिना," ती म्हणाली. "ह्या घे."

मला तिला नाइलाजाने समजावून सांगावं लागलं की शर्यतीच्या वेळी खेळाडूने बाहेरच्या व्यक्तीकडून मदत घेतली तर तो बाद होतो. आई ही नियमाप्रमाणे बाहेरची व्यक्ती. तुळसाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी रेफरींना बोलावून घेतलं.

रेफरी सुदेश सर मनाने मऊ, पण नियमाला पक्के. त्यांनी वाट काढली. पिना दिल्या तर ती मदत, पण पिना हरवल्या आणि सापडल्या तर ती हरवलेली वस्तू, आणि ताबा कुणी सांगितला नाही तर हरवलेल्या वस्तूंचं काय करायचं ते आयोजकांच्या हातात. त्याप्रमाणे तुळसाबाईंनी पाच पिना गवतावर हरवल्या. त्या एका पंचाला सापडल्या, दुसऱ्याने पंचनामा केला, तिसऱ्याने ध्वनिक्षेपकावरून मालक कोण असं तीनदा विचारलं. तुळसाबाईंना गप्प बसायला सांगितलं होतं, त्या कशाबशा बसल्या. यात सहा मिनिटं गेली, पण काम चोख झालं. पाच पिना अधिकृत झाल्या.

उरल्या तीन.

सुदेश सरांनी स्वतः माइक घेतला. "सन्माननीय प्रेक्षक आणि पंच, एका खेळाडूसाठी तीन सेफ्टी पिना हव्या आहेत. फक्त तीन."

मैदानावर त्या क्षणी सोळाशेच्या वर पिना होत्या. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा छातीवर होता. चारशे प्रेक्षकांनी अत्यंत सहानुभूतीने शेजाऱ्याकडे पाहिलं. काहींनी बिल्ल्यावर हात ठेवला, राष्ट्रगीताला ठेवतात तसा. आमचे पंच कागदात डोकं घालून बसले. लांब उडीच्या पंचांनी तर रिकामी उडी मोजायला घेतली. कुणी दुष्ट नव्हतं हो. बिल्ला एका पिनेवर आला तर तो लोंबणार, लोंबला तर फोटोत वाईट दिसणार, हे प्रत्येकाला कळत होतं.

तीन मिनिटं उरली. भावना रडत नव्हती, आणि त्याचाच मला त्रास होत होता. पाच पिनांवर लोंबणारा नंबर हाताने दाबून ती नुसती उभी होती आणि पाय हलवून गरम ठेवत होती. मी खाली मान घातली. तिथे माझा बिल्ला होता, पुरणपोळीएवढा, चार पिनांचा. एकतीस वर्षांत मी कुणाला आत सोडण्यासाठी स्वतःची जागा सोडली नव्हती. कारखान्यात आठशे माणसं मला घाबरत, त्यांतलं एकही आता मला ओळख देत नाही. कोण जाणे का, पण हे त्याच वेळी आठवलं.

मी तीन पिना काढल्या. तिच्या पाठीला लावताना एक माझ्या बोटात घुसली. मग यादीवर सही केली आणि म्हणालो, "पळ, बाळा."

आठही जणी मैदानात गेल्या. मागे दारावर शिवानी मॅडम उभ्या होत्या, डोंबिवलीच्या क्रीडाशिक्षिका, माझ्याच पंच-शिबिरात तयार झालेल्या. माझा बिल्ला एका पिनेवर उलटा होऊन कोरी बाजू दाखवत होता.

"सर, परिपत्रक सातप्रमाणे तुम्हाला इथे थांबता येणार नाही."

"मॅडम, अहो मीच..."

"तुम्हीच शिकवलंत, सर."

खरं सांगतो, अभिमानाने माझा ऊर भरून आला. पंचवीस टक्के पंच होऊन मी दोरीपलीकडे गेलो आणि तुळसाबाईंशेजारी बसलो. अठरा वर्षं पंचगिरी केली, पण शर्यत अशी कधी पाहिलीच नव्हती. यादीतून मान वर काढायला सवड कुणाला? पहिल्या फेरीत भावना सहावी होती. दुसऱ्या फेरीत तुळसाबाई उठून उभ्या राहिल्या, मीही राहिलो. शेवटच्या वळणावर मी इतका ओरडलो की पुढे दोन दिवस घसा बसला होता. ती दुसरी आली. वेळ दोन मिनिटं नऊ सेकंद आणि वर थोडं. तुळसाबाईंनी माझी पाठ अशी थोपटली की उरलेली चौथी पिनही उघडली.

अर्ध्या तासात हरकत आली. यादीवर सही करणारी व्यक्ती त्या वेळी पंच नव्हती, सबब यादी रद्द, सबब आठही जणी धावल्याच नाहीत. मग मैदानात धावल्या त्या कोण, असं सुदेश सरांनी विचारलं. त्याला उत्तर आलं, अनधिकृत व्यक्ती.

चौकशी समिती तासाभरात बसली. मी सगळं खरंखरं सांगितलं आणि समितीच्या चेहऱ्यावर काळजी पसरली. लेलेंनी पिना दिल्या हे मान्य केलं, तर पिना कमी पडल्या हे मान्य होतं. पिना कमी पडल्या तर घोषणा झाली हे मान्य होतं. घोषणा झाली तर दोनशे अकरा पंच आणि चारशे सन्माननीय प्रेक्षक ती ऐकून गप्प बसले, हे कागदावर येतं. समितीचे पाचही सदस्य स्वतः त्या दोनशे अकरांत होते. थोड्याच वेळात त्यांनी एकमताने ठरवलं की पिना मुबलक होत्या, घोषणा झालीच नाही आणि लेलेंचा बिल्ला पूर्ण वेळ चारही कोपऱ्यांवर होता. यादी वैध ठरली. भावनाचं नाव संध्याकाळी राज्याच्या संघात गेलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्या घरी तीन पिना परत द्यायला आली, सोबत तुळसाबाईंनी दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या होत्या. मी खूश आहे. एवढ्या सुंदर शेवटाला खोटं म्हणणं माझ्या जिवावर येतं.

राहिला पुरावा. 'आम्ही कोणतीही घोषणा ऐकली नाही' या निवेदनावर प्रेक्षकांच्या सह्या लागणार होत्या. त्या मिळायला काहीच त्रास झाला नाही. स्पर्धा संपल्यावर सन्माननीय प्रेक्षकांना प्रमाणपत्र आणि वडापाव दिला, तेव्हा तो कागद टेबलावर होता.

आठवतोय ना? तुम्ही तिसऱ्या रांगेत होता. घोषणा झाली तेव्हा डावीकडच्या गृहस्थांकडे पाहत होता, तुमचा हात बिल्ल्यावर होता. कागदावर तुमचं नाव एकशे बेचाळिसावं आहे. वर काय लिहिलंय ते वाचायची तसदी तुम्ही घेतली नाहीत, पण सही फार वळणदार आहे. माझी काही तक्रार नाही. तुमच्या त्या दोन पिना मात्र अजून जमा झालेल्या नाहीत, तेवढ्या पाठवून द्या. पुढच्या रविवारी कल्याणला स्पर्धा आहे.