कंटकरावांची सरळ रेघ

मुलांनो, जरा पुढे सरका. ज्यांना मागे बसून गोंगाटच करायचाय त्यांनी तिथंच बसा, मोठेपणी तुम्हाला एखाद्या समितीवर घेतील.

एका जंगलात, जिथे वीज अधूनमधून आणि मतं अखंड असायची, कंटकराव नावाचे एक साळिंदर राहत होते. त्यांच्या बायकोचं नाव सगुणाबाई.

सगुणाबाईंचे बाबा गवळणी गायचे. ते गेले आणि मागे त्यांच्या गाण्याची एक कॅसेट राहिली. सगुणाबाई ती रोज संध्याकाळी लावायच्या. पण स्पीकरच्या खोक्यांना वाळवी लागली. खोकी भुसभुशीत झाली, आणि बाबा गप्प झाले.

"रडू नकोस," कंटकराव म्हणाले. "मी घरी बनवतो स्पीकर."

आणि त्यांनी खरंच बनवले. वादळात पडलेल्या सागाच्या फळ्या दातांनी कुरतडून सारख्या केल्या. खोकी जोडली, फटींत डिंक भरला, आत सावरीचा कापूस ठासला. जुन्या स्पीकरचे भोंगे तेवढे वाळवीनं सोडले होते, ते पुढे बसवले. मग कॅसेट लावली.

सगुणाबाई आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले.

"अहो, बाबा इथंच बसलेत असं वाटतंय."

कंटकरावांचे काटे आनंदानं फुलले. गोष्ट इथं संपायला हवी होती, मुलांनो. पण त्याच वेळी छताला डॉक्टर उलटे लटकलेले होते.

डॉक्टर उलटे हे वटवाघूळ. जंगलाच्या ध्वनिशुद्धी मंडळाचे अध्यक्ष. चहाला आले होते.

"छान वाटतंय म्हणता," ते वरून म्हणाले. "पण मोजलंत का?"

"काय मोजायचं?"

"आवाज! कान काय, कुणालाही असतात. सशाला तर केवढे असतात, म्हणून तो काय जाणकार झाला?"

कंटकरावांना त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मंडळाकडून माइक आणला, आवाजाची रेघ काढून दाखवणारा एक पडदा आणला आणि पुष्कळ बटणांची एक पेटी आणली. पेटीनं आवाजाचा जाड किंवा बारीक भाग हवा तसा कमीजास्त करता येई. माइक ठेवायचा कुठे? जिथे ऐकणारा बसतो तिथे. म्हणून सगुणाबाईंना खुर्चीतून उठवलं आणि तिथे माइक उभा केला.

मग गवळणीऐवजी स्पीकरमधून एक लांबच लांब आवाज निघाला. म्हशीच्या रेकण्यापासून सुरू होऊन डासाच्या गुणगुणण्यापर्यंत चढत गेला. पडद्यावर रेघ उमटली. तिच्यात डोंगर होते, दऱ्या होत्या.

"खर्जाकडे केवढा हा उंचवटा!" कंटकराव घाबरले.

"कुठला उंचवटा? खड्डा आहे," डॉक्टर उलटे लटकल्या लटकल्या म्हणाले.

दोघांचं बराच वेळ वाजलं. शेवटी, काहीही असो, रेघ सरळ नाही, यावर एकमत झालं.

आता घरात काम सुरू झालं. भिंतींवरून आवाज उलटून येतो म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्या. पितळेची परात घुमते म्हणून ती अंगणात गेली. खिडकी लिंपून टाकली. रोज म्हैस रेकायची, डास गुणगुणायचा, आणि कंटकराव पेटीची बटणं फिरवायचे. रेघ हळूहळू बसत गेली. फक्त एक वाकडेपणा काही केल्या जाईना.

"सगुणा," एक दिवस ते म्हणाले, "राग मानू नकोस. तू आत आलीस की रेघ थरथरते. तुझ्या काट्यांवर आवाज फुटतो."

"मग मी कुठे बसू?"

"अंगणात बस ना. हवा छान असते."

सगुणाबाई परातीशेजारी जाऊन बसल्या. आणि रेघ सरळ झाली! तळ्याच्या पाण्यासारखी. डॉक्टर उलट्यांनी ती उलटी पाहिली. तशीही सरळच होती. त्यांनी आनंदानं पंखांनी टाळ्या वाजवल्या आणि छतावरून पडता पडता वाचले.

मोठा समारंभ झाला. सारं जंगल अंगणात जमलं, कारण आत कुणी गेलं असतं तर रेघ बिघडली असती. पडदा दारात आणून ठेवला. कंटकरावांनी कॅसेट लावली. सगळ्यांनी रेघेकडे पाहून माना डोलावल्या.

सगुणाबाई उंबऱ्याशी उभ्या होत्या. "हे कोण गातंय?" त्यांनी विचारलं.

"अगं, बाबा!"

"हे बाबा नाहीत. बाबांची बातमी कुणीतरी वाचून दाखवतंय."

"त्यांच्या आवाजाला खाली एक जाडी होती," कंटकराव समजावू लागले. "तो दोष होता. मी काढला."

"ती जाडी नव्हती हो," सगुणाबाई म्हणाल्या. "ते बाबा होते."

त्यांनी आत जाऊन कॅसेट काढून घेतली आणि सरळ ओढ्यापलीकडे चालत्या झाल्या. तिथे भालेराव अस्वल राहायचे. त्यांचा स्पीकर म्हणजे एक पोखरलेला भोपळा आणि त्यात सुतळीनं बांधलेला भोंगा. वर मधाचे डाग.

"वहिनी, आमचा डबा खरखरतो बरं का," भालेराव संकोचून म्हणाले.

"खरखरू द्या."

कॅसेट लागली. खरखर आली, आणि खरखरीतून बाबा आले. मध्येच खाकरले, पुन्हा गाऊ लागले. सगुणाबाईंनी तोंडावर पदर घेतला. भालेरावही सोबत गाऊ लागले, भयंकर बेसूर. पण कुणाचं काही बिघडलं नाही.

तेवढ्यात कंटकराव माइक आणि पडदा घेऊन धावत आले. त्यांनी भोपळ्यापुढे माइक धरला. रेघ उमटली, सह्याद्रीच्या कड्यांसारखी.

"बघ!" ते ओरडले. "हे ऐकून तू रडतेस?"

"हो."

"मग हे रडणं चुकीचं आहे."

"अहो," सगुणाबाई हळूच म्हणाल्या, "तो दांडा खाली ठेवा ना. जरा इथं माझ्याजवळ बसा."

कंटकराव बसले. माइक मात्र मांडीवरच ठेवला. बाबांनी सूर लांबवला. आणि मुलांनो, एक विपरीत घडलं. कंटकरावांच्या अंगावरचा एकेक काटा उभा राहिला. डोळ्यांतून टपकन थेंब पडला, तो माइकवर. रेघेत एक शिखर उठलं.

ते दचकून उठले. "मला काहीतरी झालंय!" म्हणत तडक डॉक्टर उलट्यांकडे गेले.

डॉक्टरांनी तपासलं. "कान बिघडलेत," ते म्हणाले. "वेळेवर आलात. दोन्हीकडे सावरीचा कापूस घाला, आणि फक्त रेघ बघा."

कंटकरावांना लगेच आराम पडला. आता ते रोज संध्याकाळी गोधड्यांच्या खोलीत, कानांत बोळे घालून, सरळ रेघेसमोर बसतात. तृप्त असतात. त्यांचं पाहून जंगलात घरोघरी रेघा सरळ झाल्या. सगुणाबाई तेवढ्या ओढ्यापलीकडे जातात. परातही त्यांनी तिकडेच नेली आहे. भालेराव तिच्यावर ठेका धरतात.

तात्पर्य : गाणं ऐकून डोळ्यांत पाणी आलं, तर स्पीकर ताबडतोब दुरुस्त करावा. तरीही येत राहिलं, तर कान दुरुस्त करावेत. आणि घरातलं माणूस उठून गेल्याशिवाय रेघ सरळ होत नसेल, तर माणसानं समजूतदारपणा दाखवावा.