स्थलनिवड समिती, तूरडाळ आणि दोन पिंपं पाणी

माणसाने कुठे राहावं, हा मानवजातीपुढचा फार जुना प्रश्न आहे. ज्याच्याकडे पैसा भरपूर असतो त्याला याबाबतीत आवडनिवड असते. ज्याच्याकडे मुळीच नसतो, तो जिथे आहे तिथेच राहतो. उरला मधला माणूस. त्याला आवडही परवडत नाही आणि आहे तिथे राहताही येत नाही. म्हणून तो समिती नेमतो.

आमच्या कचेरीतले विद्याधर टिपणीस यांनी नेमलेली समिती मी फार जवळून पाहिली. जवळून म्हणजे, ती लागोपाठ आठ रविवार पापडीला माझ्या घरी जेवली. इतकं पद्धतशीर आणि निःपक्षपाती काम मी एकोणीस वर्षांच्या सरकारी नोकरीत दुसरं पाहिलेलं नाही. त्या कामाचा पुढे जो शेवट झाला त्याला समिती जबाबदार नाही. कोण जबाबदार आहे, ते यथावकाश येईल.

हकीकत १९८३ सालची. टिपणीस गिरगावात एका खोलीत राहत. ते, मंदावहिनी, दोन मुली आणि वडील एकनाथराव, म्हणजे आप्पा. इमारतीला टेकू लागून अकरा वर्षं झाली होती. फेब्रुवारीत नोटीस आली की ३१ मेपर्यंत खोल्या रिकाम्या कराव्यात, नपेक्षा रहिवाशांना संक्रमण शिबिरात हलवण्यात येईल. शिबिरात गेलेलं कोणी परत आल्याचं त्या चाळीत कोणाच्या ऐकिवात नव्हतं. फंडातली उचल आणि वहिनींच्या पाटल्या धरून टिपणिसांकडे चौतीस हजार रुपये होते. तेवढ्यात वसईकडे एकदाच घर घेता येणार होतं. चुकलं तर दुसऱ्यांदा चुकायला काही उरणार नव्हतं, आणि ही गोष्ट वहिनी दर रविवारी गाडीतून उतरताना एकदा बोलून दाखवत.

समितीत सात सदस्य होते. टिपणीस कुटुंबाचे पाच, वहिनींचा भाऊ (इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला दोनदा बसलेला, म्हणून तांत्रिक सदस्य) आणि वसईचा म्हणून मी. शंभर गुणांचा तक्ता होता. स्टेशनपासूनच्या अंतराला वीस गुण. यात बिल्डरच्या जाहिरातीतली मिनिटं ग्राह्य धरली नाहीत. धाकटी मुलगी कडेवर आणि दहा किलो तांदूळ हातात घेऊन टिपणीस स्वतः चालले. (बिल्डरची सात मिनिटं म्हणजे समितीची तेवीस.) शाळा आणि दवाखाना यांना मिळून पंचवीस. मात्र पाहणी रविवारीच होत असल्याने सर्व शाळा व सर्व दवाखाने बंद आढळले आणि सगळ्यांना शून्य द्यावं लागलं. हवेला पंधरा. आप्पांना इमारतीच्या सावलीत खुर्चीवर बसवायचं आणि डुलकी किती वेळात लागते ते घड्याळात पाहायचं. उरलेले चाळीस गुण पाण्याला होते.

पाण्याला एवढं वजन का, याचं कारण आप्पांच्या तोंडात होतं, किंवा नव्हतं. त्यांचे सगळे दात गेले होते. कवळी बसत नव्हती. दोन्ही वेळचं जेवण म्हणजे मऊ वरण आणि भात. आता, खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक असतं. पण ते तक्त्यात आणणारे टिपणीस पहिलेच. प्रत्येक इमारतीत वातीचा स्टोव्ह पेटवायचा, तिथल्या पाण्यात पावशेर डाळ टाकायची आणि ती बोटाखाली मोडेपर्यंतची मिनिटं नोंदवायची. कुकर मुद्दाम वर्ज्य होता. टिपणिसांच्या मते कुकर कुणाच्याही बाजूने साक्ष देतो.

मोजायला आधी मानक हवं, म्हणून पहिली चाचणी आमच्या विहिरीच्या पाण्यावर झाली. आमच्या वाडीतली ती विहीर माझ्या पणजोबांनी खणलेली, भोवती केळी आणि नारळ. डाळ एकवीस मिनिटांत विरघळली. 'पापडी मानक : २१ मि.' अशी नोंद झाली, आणि सर्व सदस्यांनी ती डाळ पिऊन पाहिली. माझी आई इझाबेल ओट्यावर बसून हे सगळं बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"पाणी गोडं का खारं ते बघायला स्टोव्ह कशाला हवा? जीभ नाय का तुमाला?"

"आजी," टिपणीस अदबीने म्हणाले, "जीभ फायलीला जोडता येत नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

आठ रविवारांत आम्ही तेरा इमारती पाहिल्या. सहा ठिकाणी डाळ तासाभरानंतरही जशीच्या तशी राहिली. तीन ठिकाणी चाचणीसाठी पाणीच नव्हतं. दोन ठिकाणी इमारत नव्हती, फक्त तिचा फलक होता (हवेला तिथे पैकीच्या पैकी गुण मिळाले). दोन ठिकाणी डाळ शिजली, पण तिथला दर ऐकल्यावर ती खायची कोणाला इच्छा झाली नाही. एकूण खर्च : डाळ सव्वादोन किलो, रॉकेल चार लिटर, आणि दर रविवारी दुपारी माझ्याकडे सहा पाहुण्यांना पुरतील एवढे बोंबील.

हा शेवटचा खर्च टिपणिसांच्या तक्त्यात नव्हता. तो माझी बायको रोझमेरी आपल्या मनात मांडत होती. सकाळी चर्चमध्ये मिस्सा करून ती घरी आली की चूल सोडायची नाही, ती संध्याकाळपर्यंत. आठव्या रविवारी भांडी घासून झाल्यावर ती पदराला हात पुसत माझ्यासमोर उभी राहिली.

"सांगून ठेवते. पुढच्या रविवारी एक तर त्यांना घर मिळेल, नायतर मी राजोडीला माहेरी जाईन. मग तुमी नि तुमची समिती बोंबील साफ करत बसा."

माझा मावसभाऊ निकोलस याने त्या सुमारास गिरीजची केळीची वाडी विकून स्टेशनजवळच्या भातखाचरात चार मजली इमारत उठवली होती. तिचं नाव त्याने 'अमृतधारा' ठेवलं होतं. तिच्या बोअरिंगच्या पाण्यात साबणाला फेस येत नसे. चोवीस घरांपैकी दोन विकली गेली होती, त्यातलं एक त्याच्या सासूला. दर मात्र टिपणिसांना परवडेल असा होता, आणि नवव्या रविवारच्या कार्यक्रमपत्रिकेवर ती एकच इमारत उरली होती. शनिवारी संध्याकाळी निकोलस बैलगाडी घेऊन माझ्या दारात आला.

"बेसिल, दोन पिंपं पाणी दे रे तुझ्या विहिरीचं. टाकी धुवायचीय."

टाकी धुवायला चार किलोमीटरवरून पाणी कोणी नेत नाही, हे मला कळत होतं. पण चाचणीच्या कामात स्थानिक सदस्याने ढवळाढवळ करू नये असा संकेत आहे. शिवाय मला बोंबील साफ करता येत नाहीत. मी पंप सुरू केला.

दुसऱ्या दिवशी 'अमृतधारा'च्या गच्चीवर डाळ बरोबर एकवीस मिनिटांत शिजली. एक मिनिट कमी नाही, एक जास्त नाही. मानकाशी असा तंतोतंत मेळ पाहून टिपणिसांचे डोळे पाणावले. विज्ञानात असा पुनःप्रत्यय क्वचित येतो, असं ते म्हणाले. वहिनींनी टाकीतलं भांडंभर पाणी पिऊन पाहिलं आणि दुसरं भांडं भरून घेतलं. आप्पांनी तिथेच विटांवर बसून वाटीभर वरण संपवलं. "आता हलवू नका रे मला," ते म्हणाले. सात विरुद्ध शून्य मतांनी ठराव संमत झाला. माझं मत त्या सातांत होतं.

अहवाल छत्तीस पानी झाला. कचेरीत त्याच्या प्रती सायक्लोस्टाइल करून वाटल्या गेल्या. इतका मुद्देसूद अहवाल वाचून कोणीही घर घेईल, आणि घेतली. पंधरवड्यात 'अमृतधारा'ची उरलेली घरं संपली. निकोलसने दुसऱ्या इमारतीचा पाया खणला.

टिपणीस कुटुंब २९ मे रोजी राहायला आलं. १ जूनला वहिनींनी डाळ चढवली. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या आणि डाळ दाणा न् दाणा वेगळी राहिली. टिपणिसांनी प्रश्नाचा शास्त्रीय विचार केला. अहवाल चुकीचा असू शकत नव्हता, पाणी अहवालाप्रमाणे होतं, म्हणजे दोष डाळीचा. त्यांनी पंधरा दिवसांत पाच दुकानं आणि अकरा प्रकारच्या डाळी बदलल्या आणि तूर उत्पादनाच्या घसरत्या दर्जाबद्दल वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. (ते छापून आलं. त्याला पाठिंबा देणारी नऊ पत्रं आली, सगळी 'अमृतधारा'तूनच.) आप्पा त्या दिवसांत ताकभातावर होते.

जूनच्या तिसऱ्या रविवारी मंदावहिनी एकट्याच आमच्याकडे आल्या. हातात रिकामा डबा होता. आईने विहिरीतून पोहरा काढून त्यांना तांब्याभर पाणी दिलं. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला आणि गिळला.

"भाऊजी, हे पाणी मी 'अमृतधारा'च्या गच्चीवर प्यायले होते. त्यानंतर तिथे कधीच नाही."

मी पोहरा पुन्हा विहिरीत सोडला.

"आम्हाला दुसरं घर होणार नाही. हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"होय, वहिनी."

"मग?"

यावर मी बोंबलांचं कारण सांगू शकलो नाही. मला लाज वाटली. ती तक्त्याच्या कोणत्याही सदरात बसत नाही, म्हणून इथे वेगळी नोंदवतो.

"ह्यांना मी सांगणार नाही," वहिनी म्हणाल्या. "अहवाल खोटा ठरला तर ते अन्नाला शिवणार नाहीत. पण आप्पांना दात नाहीत हो. रोज एक हंडा पाणी पाठवा."

मी पाठवू लागलो. पापाचं क्षालन इतकं सोपं असतं याची मला कल्पना नव्हती. फादरांना सांगितलं तर त्यांनीही मान डोलावली. अडचण एवढीच की हंडा जिन्यावरून वर जाताना चोवीस दारं उघडी असत. आठवड्यात हंड्याचं पिंप झालं, पावसाळ्यानंतर पिंपाचा टेम्पो झाला आणि पुढच्या वर्षी टेम्पोचा टँकर. शिवाय टिपणिसांचा अहवाल एव्हाना मुंबईभर फिरत होता. घर बघायला येणारं प्रत्येक कुटुंब आता स्टोव्ह आणि डाळ घेऊन येत असे. म्हणून वसईतल्या प्रत्येक बिल्डरला रविवारी सकाळी टाकीत पापडीचं पाणी लागे, आणि घर विकलं गेलं की सोमवारपासून ते त्या कुटुंबाला लागे. मी नोकरीचा राजीनामा दिला. १९८७ अखेर विहिरीवरचा पंप रात्रंदिवस चालू होता आणि मी त्रेचाळीस इमारतींना वरणभात पुरवत होतो. टिपणिसांनाही टँकरचं आश्चर्य वाटलं नाही. गोड्या पाण्याच्या गावात टँकर लवकर भरतो, हा फायदा त्यांनी अहवालाच्या दुसऱ्या आवृत्तीत घातला.

यंदा, म्हणजे १९८८च्या एप्रिलात, आमच्या केळीच्या पानांच्या कडा करपू लागल्या. मी खत बदललं. मेमध्ये रोझमेरी म्हणाली की डाळ हल्ली शिजत नाही. मी दुकान बदललं. याच वर्षी आईचे उरलेले चार दात गेले. परवा दुपारी तिने वरणाची वाटी बाजूला सारली, विहिरीवर गेली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं.

"खारं," ती म्हणाली.

स्टोव्ह पेटवावा लागला नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी फारसं बोलत नाही. ताक मागते आणि पिते.

टिपणिसांना कळलं तसे ते धावत आले. असा माणूस मिळणार नाही. "बेसिल, तू काळजी करू नकोस," ते म्हणाले. "आईंसाठी गोड्या पाण्याची जागा आपण शोधून काढू. माझ्याकडे पद्धत आहे." वहिनी त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नवी समिती नेमली गेली आहे. आप्पा याही वेळी हवेचे परीक्षक आहेत आणि आईला त्यांच्या शेजारी खुर्ची मिळाली आहे.

आता तुमच्याबद्दल. इथवर वाचताना तुम्ही टिपणिसांना हसला असाल आणि मला नावं ठेवली असतील, ठेवा. फक्त वाचता वाचता जो चहा संपवलात त्याचं पाणी कुणाच्या विहिरीतलं होतं, तेवढं सांगा. ठाऊक नाही? टँकरवाल्याचं नाव तरी? असो, त्याची नोंद समिती करीलच. येत्या रविवारी आम्ही नऊ माणसं तुमच्याकडे येत आहोत. स्टोव्ह आणि डाळ आमची. जेवायचा आग्रह करू नका, आम्ही थांबणारच आहोत. पाणी मात्र तुमच्या नळाचंच द्या. शनिवारी संध्याकाळी कुणाकडून तरी दोन पिंपं मागवून ठेवावीत, असं आत्ता जे तुमच्या मनात आलं, ते मला चांगलं ओळखू येतं.